समुद्रातले चक्रीवादळ आणि नांदेड-लातूरचे शिवार

रविवार, २६ सप्टेंबर २०२१. संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ उत्तर आंध्रातील कलिंगपट्टणम आणि ओडिशातील गोपाळपूर यांच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले. तिथून नांदेड सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या वर, लातूर आठशेच्या आसपास. सोमवारी वादळाचा जोर ओसरल्याच्या बातम्या आल्या. त्याच सोमवारी रात्री आणि मंगळवारी मराठवाड्यात पाऊस कोसळला. मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. मांजरा आणि तेरणेच्या काठची काढणीला आलेली सोयाबीनची शेते पाण्याखाली गेली. रेणापूर तालुक्यात अडकलेली माणसे काढायला हेलिकॉप्टर मागवावे लागले. मंगळवारी सकाळी नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून वाहून गेली आणि त्यात माणसे दगावली. पुढे याच वादळाचे अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, तिथे त्यांतून ‘शाहीन’ चक्रीवादळ उभे राहिले आणि ते ३ ऑक्टोबरला ओमानला धडकले.

आपण समुद्रापासून लांब राहणारी माणसे. लातूरला सर्वांत जवळचा कोकणकिनाराही साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. त्यामुळे चक्रीवादळाची बातमी लागली की ती दुसऱ्यांची बातमी म्हणून ऐकायची सवय आपल्याला लागली आहे. त्यात आपला प्रदेश दुष्काळाचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली होती. त्याच लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचे सगळे दरवाजे पाच वर्षांनी उघडावे लागले. दुष्काळाची तयारी आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. आता या दुसऱ्या संकटाचीही रीतसर तयारी शिकायला हवी, कारण वादळ किनाऱ्यावर संपते तेव्हा आपली वेळ सुरू होते.

वारा कुठे थांबतो, पाऊस कुठवर येतो

चक्रीवादळाला बळ मिळते ते कोमट समुद्राच्या वाफेतून. जमिनीवर आले की ती रसद तुटते, शिवाय डोंगर, झाडी आणि घरांच्या घर्षणाने वारा मंदावतो. घरे उडवणारा वारा बहुतेक वेळा किनाऱ्यापासून शे-दोनशे किलोमीटरच्या आत शमतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पुण्यातही झाडे पडली, पण मराठवाड्यात त्या वाऱ्याने तसे काही घडले नाही.

पावसाचे गणित वेगळे आहे. वारा मंदावला तरी वादळाने सोबत आणलेला बाष्पाचा साठा लगेच संपत नाही. बंगालच्या उपसागरातून आणि मोसमी वाऱ्यांबरोबर अरबी समुद्रातूनही त्याला नवे बाष्प मिळत राहते. खालची जमीन आधीच ओली असेल तर ती ताकद आणखी टिकते. अशी प्रणाली, म्हणजे वादळ किंवा त्याचे अवशेष, कधी कधी रेंगाळते आणि एकाच पट्ट्यात चोवीस तास ओतत राहते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘हुदहुद’ विशाखापट्टणमला धडकले आणि दोनच दिवसांनी त्याच्या अवशेषांनी नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ होऊन गिर्यारोहकांचे बळी घेतले. अमेरिकेत २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ‘हेलीन’ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आले, पण सर्वांत भयंकर पूर आला तो तिथून सुमारे सहाशे किलोमीटरवरच्या, डोंगरातल्या ॲशविल परिसरात. त्या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या मुख्य वाहिन्याच उखडल्या आणि लोकांना कित्येक आठवडे पिण्यायोग्य नळाचे पाणी मिळाले नाही. वादळापासून सुरक्षित म्हणून ॲशविलला राहायला येणारे लोक होते. अंतराने दिलेला तो दिलासा खोटा निघाला.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पावसाळ्यात उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा प्रणालींचा सर्वांत जोरदार पाऊस बहुधा केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. केंद्र विदर्भावरून किंवा आदिलाबादवरून जात असेल, तर नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर नेमके त्या बाजूला येतात. “वादळ विदर्भाकडे वळले” ही बातमी आपल्यासाठी निर्धास्त होण्याची नाही.

नाव नसलेले वादळही तेवढेच धोक्याचे

भारतीय हवामान विभाग प्रणालीचे नाव वाऱ्याच्या वेगावरून ठरवतो. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा असेल तर डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचा पट्टा. ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन, म्हणजे तीव्र पट्टा. ६२ च्या पुढे गेला की चक्रीवादळ, आणि तेव्हाच त्याला नाव मिळते. या वर्गवारीत पाऊस कुठेच मोजलेला नाही. म्हणून “वादळाचे रूपांतर कमी दाबाच्या पट्ट्यात झाले” हे वाक्य ऐकून मोबाइल बाजूला ठेवू नका. त्याचा अर्थ वारा कमी झाला एवढाच असतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेल्या प्रणालीला चक्रीवादळाचे नावही मिळाले नव्हते. तिने हैदराबाद बुडवले आणि पुढे लातूर, उस्मानाबाद, सोलापूर जिल्ह्यांतले काढणीचे सोयाबीन मातीत घातले. १ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे कलिंगपट्टणमजवळ आलेले डिप्रेशनही बिननावाचेच. त्याने विजयवाडा, खम्मम आणि पाठोपाठ नांदेड, हिंगोली, परभणीची शिवारे पाण्याखाली घातली.

आपला नाजूक काळ कोणता

उपसागरातल्या प्रणाली जून ते डिसेंबर कधीही येऊ शकतात. आपल्यासाठी सर्वांत नाजूक काळ म्हणजे साधारण ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. त्या दिवसांत तीन गोष्टी एकत्र येतात. काळी जमीन पाणी पिऊन फुगलेली असते, पुढचा पाऊस ती मुरवत नाही, वरून वाहू देते. धरणे भरलेली असतात, त्यामुळे येईल ते पाणी खाली सोडावेच लागते. आणि शेतात सोयाबीन कापणीला आलेले किंवा कापून पडलेले असते. जूनमधला १०० मिलिमीटर पाऊस आणि सप्टेंबरअखेरचा १०० मिलिमीटर पाऊस यांची तुलनाच होत नाही. पहिला पेरणी करवतो, दुसरा वर्षाची कमाई नेतो.

सूचना कशी वाचायची

हवामान विभाग चक्रीवादळाची सूचना चार टप्प्यांत देतो. ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी इशारा, २४ तास आधी पुढचा इशारा, आणि किनारा ओलांडण्याच्या सुमारे १२ तास आधी चौथी सूचना. ही चौथी सूचना किनारा ओलांडल्यानंतर वादळ कुठे जाईल आणि आतल्या जिल्ह्यांत काय होईल याची असते. ती आपल्यासाठी लिहिलेली असते. पहिल्या तीन सूचना गाजतात आणि चौथी कुणी वाचत नाही, हे बदलले पाहिजे.

घरातल्या एकाने तरी हे काम अंगावर घ्यावे. उपसागरात प्रणाली तयार झाली की विशाखापट्टणम, गोपाळपूर, काकिनाडा या नावांकडे कान ठेवावेत. या भागात किनारा ओलांडून वायव्येकडे किंवा पश्चिमेकडे मार्ग दाखवला असेल, तर आपल्याकडे पाऊस पोचायला साधारण एक ते दोन दिवस लागतात. हा वेळ फार मोलाचा आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला वादळ टाळता येत नाही, आपल्याला निदान तयारीला पूर्ण दिवस मिळतो.

रंगांचा अर्थ समजून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. आकडे असे वाचा: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्याच्या पुढे अत्यंत जोरदार. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी धरली जाते. आपले महसूल मंडळ कोणते आणि तिथले पर्जन्यमापक कुठे आहे, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक हवे.

मोबाइलवर हवामान विभागाचे ‘मौसम’, शेतकऱ्यांसाठीचे ‘मेघदूत’, विजेसाठी ‘दामिनी’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ही ॲप ठेवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पेरणी-काढणीचे निर्णय त्यावर घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या “आज रात्री ढगफुटी” अशा निरोपांखाली तारीख आणि कार्यालयाचे नाव नसेल तर ते पुढे पाठवू नका. चार खोट्या निरोपांनंतर पाचवा खरा निरोपही लोक ऐकत नाहीत.

आपले पाणी कुठून येते

पूर फक्त आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाने येत नाही. आपल्या गावच्या वर कोणते धरण आहे आणि खाली कोणते, हे कागदावर लिहून ठेवा.

लातूर जिल्ह्याच्या मांजराकाठाला पाणी येते ते बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून. त्यात रेणा, तावरजा, घरणी यांची भर पडते. तेरणेला निम्न तेरणा धरणाचे पाणी येते आणि ती औराद शहाजानी परिसरात मांजरेला मिळते. मांजरा दुथडी असेल तर तेरणेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. तेरणाकाठच्या गावांनी म्हणूनच मांजरेची बातमीही ऐकली पाहिजे.

नांदेडची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. पैठणचे जायकवाडी, सिंदफणेवरचे माजलगाव, पूर्णेवरचे येलदरी आणि सिद्धेश्वर यांचे पाणी शेवटी गोदावरीत येऊन विष्णुपुरीला पोचते. पैठणचे पाणी यायला वेळ लागतो, पण आसनेसारखी जवळची नदी काही तासांत चढते. खाली धर्माबाद-बिलोली भागात बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. त्याच्या पुढे तेलंगणातले पोचमपाड धरण. ते भरले की फुगवट्याचे पाणी मागे या गावांकडे सरकते. हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूरकडे पैनगंगा आणि इसापूर धरण. कंधार-लोह्याकडे मन्याड, तिच्यावर लिंबोटी आणि बारूळ. मुखेड-देगलूरकडे लेंडी. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव परिसरात रात्रीतून पाणी घरांत शिरले, माणसे आणि जनावरे गेली, मदतीला लष्कर बोलवावे लागले. वरच्या भागात, उदगीरकडे आणि कर्नाटकात पडलेला पाऊस खालच्या गावाला झोपेत गाठू शकतो, हे त्या रात्रीने दाखवले.

धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. नुसता आकडा ऐकून बोध होत नाही, म्हणून तुमच्या गावची खूण बसवा: किती क्युसेक सोडल्यावर स्मशानभूमीत पाणी येते, किती सोडल्यावर पूल बुडतो, किती सोडल्यावर वेशीत येते, आणि सोडल्यापासून किती तासांत येते. हे गावातल्या जुन्या माणसांना, कोतवालाला आणि पाटबंधारे विभागाच्या शाखा कार्यालयाला विचारून एका फलकावर रंगवा. २०२१ आणि २०२४-२५ च्या पुराच्या पाणखुणा अजून भिंतींवर असतील, त्याही ऑइलपेंटने कायम करा. जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर बांधताना, प्लॉट घेताना हा नकाशा पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. नांदेड आणि लातूर शहरांच्या कडेला ओढे बुजवून पडलेले प्लॉट स्वस्त असतात, त्यामागे कारण असते.

घर: भिंत पावसानंतर पडते

आपल्याकडे माळवदाची, दगड-मातीची घरे अजून आहेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्याच भिंती चार दिवसांच्या झडीतही जीव घेतात. मातीची भिंत पाणी पिऊन जड होते, आतून सैल होते आणि बरेचदा पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावर बसते. म्हणून ऑगस्टच्या आधी माळवदावरची माती दाबून पन्हाळी मोकळ्या करा. भिंतीला नवी भेग दिसली, दार अचानक घट्ट बसू लागले, माती झडू लागली, तर त्या खोलीत झोपू नका. पाऊस उघडल्यावर आणखी दोन-तीन दिवस तरी हा नियम पाळा.

वारा आपल्याकडे चक्रीवादळाचा येत नसला तरी एप्रिल-मेच्या वावटळी आणि पावसाळ्याच्या दोन्ही टोकांच्या मेघगर्जनेचा वारा पत्रे उडवतो. पत्र्यावर दगड ठेवायची आपली जुनी रीत सोडा. पत्रा उचलला की तोच दगड घरातल्याच्या डोक्यात पडतो. पत्रे जे-हुकने आडव्या लोखंडी नळीला आवळून घ्या, कडेचे हुक जवळजवळ बसवा, कारण पत्रा कडेकडूनच उचलतो. वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नका, मोकळ्या शेतात असाल तर पाय जवळ घेऊन खाली बसा, आडवे पडू नका.

घरात एक पिशवी तयार ठेवा: आधार आणि रेशनकार्ड, सातबारा, बँक पासबुक, मुलांचे दाखले प्लास्टिकमध्ये बांधून, नेहमीची औषधे, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, थोडे रोख पैसे, दोन दिवसांचे भाजके शेंगदाणे, गूळ, फुटाणे, आणि स्वच्छ पाण्याचा कॅन. कागदांचे फोटो मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. बाळंतीण, वयस्कर किंवा डायलिसिसवरचा रुग्ण असेल तर नारिंगी इशाऱ्यालाच त्यांना तालुक्याच्या गावी हलवा. लाल इशाऱ्यापर्यंत रस्ता राहीलच असे नाही.

आखाडा, जनावरे आणि उभे पीक

आपल्याकडे पुरात अडकणाऱ्यांत शेतातल्या आखाड्यावर राहणारी माणसे पुष्कळ असतात. रात्रीच्या अंधारात ओढा चढतो आणि गावाकडची वाट बंद होते. नदी-ओढ्याजवळच्या आखाड्यावर इशाऱ्याच्या दिवशी मुक्काम नको, हा घराचा नियमच करा आणि सालगड्याच्या कुटुंबालाही तो लागू करा. त्याला “जनावरांजवळ थांब” असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.

जनावरे संध्याकाळीच उंचावर आणा. ते शक्य नसेल तर निघताना दावी सोडा. मोकळे जनावर पोहून, चढून जीव वाचवते, दाव्याला बांधलेले गोठ्यातच बुडते. प्रत्येक जनावराचा, कानातला बिल्ला दिसेल असा फोटो आधी काढून ठेवा.

पिकाबाबत निर्णय आधीच्या दोन दिवसांत घ्यायचा असतो. सोयाबीन कापणीयोग्य झाले असेल आणि प्रणाली आपल्या दिशेने येत असेल, तर आधी विचारा: कापलेले वाळवून मळायला दोन कोरडे दिवस मिळणार आहेत का? मिळणार नसतील तर कापून शेतात पसरलेले पीक उभ्या पिकापेक्षा जास्त नासते, शेंगांतच कोंब फुटतात. कापून झालेले असेल तर बनीम उंच जागी, ओढ्यापासून लांब, खाली लाकडे किंवा जुने पत्रे टाकून लावा आणि जाड ताडपत्रीने झाकून कडा दोरीने बांधा. ताडपत्री ऑगस्टमध्येच घ्या. इशारा आल्यावर बाजारात ती मिळत नाही किंवा दुप्पट भावाने मिळते. मळलेले धान्य ओले असेल तर पोत्यात भरू नका, ढिगात तापते आणि बुरशी धरते.

तूर आणि हळद दोन्हींना साचलेले पाणी सोसत नाही, मुळे गुदमरतात. पाऊस यायच्या आधी उताराला चर काढून ठेवा. पुढच्या हंगामात सोयाबीन रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरा. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि खंड पडला तर ओलही टिकते. आपल्या हवामानात दोन्ही बाजू सांभाळणारी हीच पद्धत आहे. नदीकाठची मोटार, स्टार्टर आणि केबल इशाऱ्याच्या दिवशी वर काढा. ती काढायला पूर चढत असताना जाऊ नका.

पूल आणि पाणी

पुरात जाणारे बरेच बळी घरात नसतात, ते रस्त्यावर असतात. वाहत्या पाण्याची ताकद आपण नेहमी कमी समजतो. घोट्याच्या थोडे वर, सुमारे अर्धा फूट खोल, वेगाने वाहणारे पाणी माणसाला पाडू शकते, एक फूट पाणी लहान गाडी ढकलते, दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. पाण्याखालचा पूल शाबूत आहे की खचला आहे, हे वरून कुणालाच दिसत नाही, कितीही अनुभवी चालक असला तरी. दहागावची घटना हेच सांगते. म्हणून पुलावरून पाणी असेल तर थांबायचे. गाडीतले प्रवासी घाई करत असतील तर एकाने तरी उठून चालकाला “थांबा” म्हणावे. शाळेच्या गाड्या, ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर, लग्नाच्या जीप यांच्या बाबतीत तर यात तडजोड नकोच. गावाने अशा प्रत्येक नळकांडी पुलावर दोन्ही बाजूंना खांब रोवून दोरी किंवा साखळी बांधायची सोय करावी आणि ती लावण्याची जबाबदारी नावानिशी दोघांवर द्यावी.

पाणी ओसरल्यावरचे पंधरा दिवस

घरात परतताना आधी मेन स्विच बंद आहे का ते बघा. पडलेली तार दिसली तर जवळ जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा. कोपऱ्यात, लाकडांत, गोठ्यात साप-विंचू शिरलेले असतात, हात घालण्यापूर्वी काठीने चाचपा. साप चावला तर बांधणे, चिरणे, मांत्रिक यात वेळ न घालवता १०८ वर रुग्णवाहिका बोलवून थेट सरकारी दवाखाना गाठा.

पुरानंतर विहीर आणि हातपंपाचे पाणी दूषित धरून चालायचे. ग्रामपंचायतीने टीसीएल पावडरने विहिरी आणि टाक्या शुद्ध करायच्या, घरी पाणी उकळायचे किंवा मेडिक्लोर वापरायचे. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे अनुक्रमे मांजरा आणि विष्णुपुरीच्या पाण्यावर जगतात. मोठ्या पुरात पंपहाउस आणि वाहिन्या बंद पडू शकतात, म्हणून शहरातल्या घरांनीही इशारा मिळताच दोन-तीन दिवसांचे पिण्याचे पाणी भरून ठेवावे. भरल्या नदीकाठी पाण्याची टंचाई होते, हे ॲशविलने भोगले आहे.

नुकसानभरपाईसाठी कागद लागतो. खरिपात ई-पीक पाहणी वेळेत केलेली नसेल तर पुढे अडचण येते, ती आधीच करा. शेतकरी ओळख क्रमांक आणि बँक खात्याची जोडणी तपासून ठेवा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात. त्यांची वाट बघताना गाळ आणि पीक हलवण्यापूर्वी तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो, व्हिडिओ काढा. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर आपत्ती मदत मिळते. खरडून गेलेल्या आणि गाळ साचलेल्या जमिनीचे पंचनामे वेगळे असतात, दोन्ही नोंदवून घ्या. दगावलेल्या जनावराचे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घेतल्याशिवाय पुरू नका. २०२२ च्या निकषांप्रमाणे दुधाळ जनावराला ३७,५०० आणि ओढकाम करणाऱ्या मोठ्या जनावराला ३२,००० रुपये मदत ठरलेली आहे. पीकविम्याच्या अटी मात्र बदलत असतात. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगातले उत्पन्न हा झाला. विमा भरताना पूर, काढणीनंतरचे नुकसान यांना संरक्षण आहे का, हे विचारून पावतीवर खातरजमा करा आणि असेल तर नुकसान किती तासांत कळवायचे तेही लिहून घ्या.

आणि माणसांची मनेही सांभाळा. वर्षाचे पीक डोळ्यांदेखत गेलेला कर्ता माणूस गप्प झाला, जेवण टाळू लागला, एकटा शेतात जाऊन बसू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. मराठवाड्याने या गप्प राहण्याची फार मोठी किंमत मोजली आहे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. सावकाराच्या आणि बँकेच्या तगाद्याबद्दल तहसीलदारांकडे अर्ज करायला गावाने सोबत जावे.

पंधरा ऑगस्टला ठरवायचे काम

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याजवळ आहे, राज्याच्या दलाचे तळ धुळे आणि नागपूर येथे. तिथून बोट निघून तुमच्या वेशीत पोचेपर्यंतचे पहिले तास गावाचे स्वतःचे असतात. त्या तासांत काय होणार, हे आधी ठरलेले असते किंवा नसते.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा नेमकी आपल्या धोक्याच्या हंगामाच्या तोंडावर येते. या वर्षी तिच्यात पाच गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या. उंचावरची शाळा किंवा समाजमंदिर निवाऱ्यासाठी नक्की करा, त्याची किल्ली कुणाकडे हे नावानिशी ठरवा, आणि तिथे गावातल्या प्रत्येक वस्तीला, दलित वस्तीला आणि पारधी पालांनाही सारखाच प्रवेश राहील हे स्पष्ट लिहा. प्रत्येक वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या वयस्करांची, अपंगांची, गरोदर बायांची आणि आखाड्यावरच्या कुटुंबांची यादी करा आणि प्रत्येकामागे दोन तरुण नेमा. मंदिर, मशीद आणि विहारातल्या भोंग्यावरून इशारा कसा द्यायचा ते ठरवा, कारण वीज गेली आणि मोबाइलचा टॉवर बंद पडला तरी बॅटरीवरचा भोंगा चालतो. दोरखंड, ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या ट्यूब, टॉर्च आणि पोहता येणाऱ्यांची नावे एका ठिकाणी ठेवा. आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, पशुवैद्यकीय १९६२ हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा.

या सगळ्याला फार पैसा लागत नाही. लागते ती उपसागरात काय चालले आहे याकडे लक्ष, आणि आपल्या गावाला आपणच आधी धावून जाणार आहोत ही जाणीव. पुढची प्रणाली कोणत्या वर्षी येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण ती आली की दीड दिवस आधी कळेल. त्या दीड दिवसात कोण काय करणार, हे ठरलेले असेल तर सोयाबीन कदाचित थोडे जाईल, पण माणूस जाणार नाही.